साहेब येणार म्हणून नव्हे, वायू सुटू नये म्हणून

दूध शीतकरण केंद्र आणि शीतगृहांची सुरक्षा तपासणी : संचालक, सभासद आणि ग्रामपंचायतींनी काय बघावं?

आमच्या भागातल्या एका दूध शीतकरण केंद्रावर मागं एकदा जाण्याचा योग आला. फाटकापासूनच गडबड दिसत होती. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागत होता, भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी ताजी अक्षरं रंगत होती आणि कामगारांना नव्याकोऱ्या टोप्या वाटल्या जात होत्या. टोप्यांवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, चार दिवसांनी कारखाना निरीक्षक तपासणीला यायचे आहेत.

कॉम्प्रेसरच्या खोलीत गेलो तर डोळ्यांना झोंबणारा वास. तिथले जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते गेज बघत उभे होते.

“मामा, वास येतोय की.”

“थोडा येतोच. एका व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलंय. सांगून दोन महिनं झालं.”

“आणि जास्त सुटला तर? मास्क कुठं आहे?”

“हाय की. ऑफिसातल्या कपाटात. नवा हाय म्हणून कुलूप लावलंय.”

“आणि किल्ली?”

“स्टोअरकीपरकडं. ते पाचला घरी जात्यात.”

संध्याकाळचं दूध मात्र रात्री साडेनऊपर्यंत येत होतं. म्हणजे रोज साडेचार तास मास्क कुलपात, किल्ली गावात आणि मामा वायूच्या भांड्याशेजारी. तपासणीच्या तयारीत गेरू होता, चुना होता, टोप्या होत्या. दोन महिने गळणारं पॅकिंग तेवढं यादीत नव्हतं.

हे चित्र एकाच केंद्राचं आहे असं समजू नये. तपासणी म्हटली की आपल्याकडं लग्नघराची तयारी होते. रंगरंगोटी, चहा-फराळ, रजिस्टरं एका रात्रीत भरणं. साहेब येतात, जातात, आणि दुसऱ्या दिवशी टोप्या खुंटीवर. म्हणून खरी तयारी म्हणजे काय, हे शेतकरी सभासदांनी आणि गावकारभाऱ्यांनीही समजून घेतलं पाहिजे. सहकारी संस्था असेल तर मालक तुम्हीच आहात, आणि वायू सुटला तर पहिला वारा तुमच्याच घराकडं येणार आहे.

धोका फक्त एमआयडीसीत नसतो

धोकादायक रसायनांचा कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं उंच धुराडी येतात. पण द्राक्ष-बेदाण्याचं शीतगृह, दुधाचं शीतकरण केंद्र, बर्फाचा कारखाना, मासळीचं गोठवण केंद्र, या ठिकाणी थंडावा तयार करायला बहुतेक वेळा अमोनिया वायू वापरतात. काहीशे किलोपासून काही टनांपर्यंत तो यंत्रणेत फिरत असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या व्याख्येत शीतगृहात माल साठवणं ही सुद्धा ‘उत्पादन प्रक्रिया’च धरलेली होती. त्यामुळं “आमच्याकडं काय बनतच नाही, आमचा कारखाना कसला?” ही पळवाट तेव्हाही खरी नव्हती.

दूध केंद्रावर आणखी दोन-तीन गोष्टी असतात, ज्यांच्याकडं कुणी धोका म्हणून बघत नाही. टाक्या आणि पाईप धुवायला लागणारा कॉस्टिक सोडा, नायट्रिक अॅसिड आणि निर्जंतुकीकरणाचं क्लोरीनयुक्त द्रावण. अॅसिड आणि हे द्रावण चुकून एकत्र झालं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. तरीही अनेक ठिकाणी तिन्ही कॅन एकाच कोपऱ्यात, बिनचिठ्ठीचे, शेजारी शेजारी ठेवलेले असतात. थंडपेयाच्या बाटलीत अॅसिड काढून ठेवण्याची सवय तर जिवावर बेतणारी.

अमोनिया आहे तरी कसा

अमोनियाचा एक गुण चांगला, तो लपत नाही. अगदी थोडा सुटला तरी नाकाला कळतो. अवगुण असा, की माणसाला त्याच्या वासाची सवय होते. मामांना जो ‘थोडा’ वाटत होता, तो बाहेरून गेलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आणत होता. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग, ही आठ तासांच्या कामासाठीची मर्यादा कारखाना कायद्याच्या अनुसूचीत घातलेली होती. पंधरा मिनिटांपुरती ३५. हेच प्रमाण ३०० वर गेलं की जिवाला तत्काळ धोका मानतात.

तो पाण्यासाठी हपापलेला असतो. म्हणूनच घाम आलेली कातडी, डोळे, घसा, फुप्फुस हे ओले भाग तो आधी धरतो. द्रवरूपातला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. अंगावर उडाला तर एकाच वेळी भाजतो आणि गोठवतोही. एक लिटर द्रव सुटला तर त्याचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. वायू म्हणून तो हवेपेक्षा हलका आहे, वर निघून जातो, हे खरं. पण मोठ्या गळतीत तो थंड धुक्यासारखा बाहेर पडतो आणि जमिनीलगत सरपटत जातो. “वर जाईल की आपोआप,” या भरवशावर राहू नये. बंद खोलीत त्याचं प्रमाण हवेच्या सुमारे पंधरा टक्क्यांच्या वर गेलं आणि ठिणगी पडली, तर स्फोटही होतो.

उन्हाळ्यात कंडेन्सरच्या बाजूला दाब बारा ते पंधरा किलोपर्यंत चढतो. इतक्या दाबाखाली झिजलेला पाईप, गंजलेली वेल्डिंग किंवा गेलेलं पॅकिंग किती दिवस तग धरणार, याचा विचार चैत्र-वैशाखाच्या आधी व्हायला हवा.

दुसऱ्याला लागलेली ठेच

कॅनडातल्या फर्नी या छोट्या गावात बर्फावर खेळण्याचं एक सार्वजनिक सभागृह होतं. बर्फ जमवायला अमोनियाचीच यंत्रणा. त्यातला एक चिलर ३१ वर्षांचा झाला होता. तो बदला, असा सल्ला २०१० सालीच मिळाला होता. बदल पुढं ढकलत गेले. २०१७ मध्ये त्यातून गळती होत असल्याचं लक्षात आलं, तरी हंगाम सुरू करायचा म्हणून तो पुन्हा चालू केला. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी वायू सुटून तिथं काम करणारे तिघं जागीच गेले. आसपासची घरं रिकामी करावी लागली. चूक मोठी नव्हती. ‘या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ एवढीच होती.

सेनेगल देशातल्या डाकार शहरात २४ मार्च १९९२ रोजी शेंगदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात अमोनियाचा टँकर फुटला. टँकर क्षमतेपेक्षा जास्त भरलेला होता. १२९ माणसं मेली. तेही आपल्यासारखंच शेतमालाचं ठिकाण होतं.

आपल्या भोपाळचं दुखणं तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री टाकीतलं रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती आणि सुटलेला वायू जाळणाऱ्या मशालीचा पाईप दुरुस्तीसाठी काढलेला होता. सुरक्षेची साधनं कारखान्यात होती. चालू नव्हती. मामांचा मास्कही असाच ‘होता’.

आणि फार लांब जायला नको. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या शाळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका खत कारखान्यात वायुगळती झाली आणि तिघांचा जीव गेला.

कायदा काय म्हणतो

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि शेजारच्या लोकांना धोक्याची माहिती देणं कारखानदारावर बंधनकारक झालं. कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखेच प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. जिवाला धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ साली धोकादायक रसायनांचे नियम आले. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि त्याखाली स्थानिक गट आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ लागू झाली आहे. जुना कारखाना कायदा तिच्यात सामावला. निरीक्षकाच्या पदाला आता ‘सुविधाकर्ता’ असा शब्दही जोडला गेला आहे. म्हणजे त्यांनी नुसती चूक काढायची नाही, सल्लाही द्यायचा. तेव्हा त्यांना चुकवण्यापेक्षा विचारून घेणं शहाणपणाचं. कामगारसंख्येच्या मर्यादा बदलल्यात, आपल्याला कोणता नियम लागू आहे, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या विभागातल्या कार्यालयात लेखी विचारावं.

एक लक्षात ठेवावं. १९८९ च्या नियमांनी मोठ्या धोक्याच्या साठ्यासाठी अमोनियाची मर्यादा साठ टन धरली होती. आपलं केंद्र तिच्या कितीतरी खाली असतं. पण वायूला मर्यादा वाचता येत नाही. फर्नीत साठ टन नव्हता.

तयारी : आधी फिरा, मग लिहा

तपासणीची नोटीस येण्याची वाट बघू नये. महिन्यातून एक दिवस ठरवावा. एक संचालक, व्यवस्थापक, एक ऑपरेटर आणि एक हमाल किंवा साफसफाईचा कामगार, असे चौघं मिळून दारापासून दारापर्यंत फिरावं. चौथा माणूस मुद्दाम घ्यावा. सरपटत जायची जागा, अडलेला दरवाजा, तुटलेली जाळी त्यालाच माहीत असते.

यंत्रांपासून सुरुवात करावी. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, रिसीव्हर, कूलिंग कॉईल, सगळे पाईप. प्रत्येक पाईपवर आत काय आहे आणि ते कुठल्या दिशेनं जातंय, हे मराठीत लिहून बाण काढावा. व्हॉल्व्हना नंबर द्यावेत आणि त्याचा नकाशा भिंतीवर लावावा. गळती शोधायला जुन्या ऑपरेटरांची गंधकाची कांडी चालते, अमोनिया असेल तिथं पांढरा धूर दिसतो. तांबडा लिटमस कागद ओला करून धरला तर तो निळा होतो. कागद स्वस्त आहे आणि जळतं काही धरावं लागत नाही, म्हणून तोच वापरावा. पाईपवरचं थर्माकोल-पत्र्याचं वेष्टन जिथं फाटलंय, तिथं आत पाणी मुरून गंज चढतो. तो भाग उघडून बघावा. तांब्या-पितळेचा एखादा तुकडा कुणी जुगाड म्हणून जोडला असेल तर काढावा, अमोनिया त्याला खातो.

सेफ्टी व्हॉल्व्ह कधी तपासला याची तारीख त्याच्यावर असावी आणि त्याचा पाईप माणसांच्या वाटेवर उघडू नये. रिसीव्हर गळ्यापर्यंत भरू नये, द्रव तापला की फुगतो. दाबाची भांडी सक्षम व्यक्तीकडून ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावीत आणि तो दाखला नुसता फाईलला न लावता त्यात काय दोष लिहिलेत ते वाचावं.

तेल काढण्याचं काम वेगळं सांगायला हवं. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियाबरोबर फिरत भांड्यांच्या तळाशी साचतं. ते काढताना मागोमाग वायू येतो आणि अपघात होतात. व्हॉल्व्ह उघडून चहाला जाणं हे तर मरणाला निमंत्रण. हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह तिथं बसवावा, दोघांनी मिळून काम करावं, आणि हातमोजे-चष्मा-मास्क घातल्याशिवाय हात लावू नये. वेल्डिंगचंही तसंच. लाईन रिकामी केल्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय वेल्डरला आत सोडू नये, मग तो कितीही घाईत असो.

शीतगृहाच्या खोलीचं दार आतून उघडतं का? आत अडकलेल्या माणसाला घंटी वाजवता येते का? बाहेर काढणाऱ्या पंख्याचं बटण खोलीच्या बाहेर आहे का? ही तीन उत्तरं ‘हो’ आली पाहिजेत. मालाचा भारही बघावा. १६ मार्च २०२३ रोजी उत्तर प्रदेशात चंदौसी इथं बटाट्याच्या शीतगृहाचं छत कोसळून १४ जण दगावले. शीतगृहातला धोका वायूपुरताच नसतो.

मास्क दोन तऱ्हेचे असतात. डबी लावलेला मास्क थोड्या गळतीपुरता, आणि त्या डबीलाही मुदत असते. दाट वायूत शिरायला पाठीवरचा हवेचा सिलिंडरच लागतो, तोही शिकलेल्या माणसानं, जोडीनं. दोन्ही साधनं कॉम्प्रेसर खोलीच्या बाहेर, हाताला येतील अशी, काचेच्या पेटीत ठेवावीत. कुलूप नको. डोळे धुण्याचा आणि अंघोळीचा नळ पंधरा-वीस पावलांत असावा आणि त्याला पाणी असावं. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

कागद सगळ्यात शेवटी. परवाना, भांड्यांचे दाखले, देखभालीची वही, प्रशिक्षणाची नोंद, लहान-मोठ्या अपघाताची नोंद, कामगारांच्या आरोग्य तपासणीचे कागद, आणि प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहिती पत्रक. हे पत्रक इंग्रजीत येतं. त्यातलं महत्त्वाचं मराठीत उतरवून भिंतीवर लावावं. एका शाईनं, एका हातानं, एका बैठकीत भरलेली वही निरीक्षकांना लगेच ओळखू येते. त्यापेक्षा चार दिवस कोरे राहिले असतील तर कोरे राहू द्यावेत आणि आजपासून खरं लिहावं.

साहेब कुणाला विचारतात

अनुभवी निरीक्षक व्यवस्थापकाच्या टेबलाशी कमी आणि कामगाराशी जास्त बोलतात. “वायू सुटला तर तू काय करशील?” हा साधा प्रश्न. त्याचं उत्तर टोपीनं मिळत नाही, सरावानं मिळतं. म्हणून सहा महिन्यांतून एकदा तरी रंगीत तालीम घ्यावी. एकदा ती रात्रीच्या पाळीत, न सांगता घ्यावी. कंत्राटी हमाल आणि दूध घेऊन येणारे टेम्पोवालेही त्यात हवेत. त्यांना बाहेर पडायची वाट माहीत नसते.

तपासणीत दोष निघाले तर ते लपवू नयेत. कोणता दोष, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत, असा तक्ता करून संचालक मंडळापुढं ठेवावा आणि झालेलं काम कार्यालयाला लेखी कळवावं. दोष कळून गप्प बसलेल्या संस्थेला उद्या दुर्घटना झाल्यावर “आम्हाला माहीत नव्हतं” असं म्हणता येत नाही.

ग्रामपंचायतीचं काम

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांनी केंद्राला एक पत्र द्यावं आणि पाच गोष्टी विचाराव्यात. कोणतं रसायन, जास्तीत जास्त किती साठा, सुटलं तर गावाला कसं कळवणार, लोकांनी कुठं जायचं, आणि रात्रीचा जबाबदार माणूस कोण. उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावं.

मग गावाचा नकाशा घ्यावा. शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजार कुठं आहेत आणि कोणत्या महिन्यात वारा कुठून वाहतो, हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारून मांडावं. केंद्राच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असावी, ती शाळेच्या पटांगणातून दिसावी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आपल्या शेजारी अमोनिया आहे हे आधीच कळलेलं असावं.

पैसा कुठून आणायचा

“सगळं खरं, पण दुधाला भाव नाही, खर्च कुठून करायचा?” असं अध्यक्ष विचारतात. प्रश्न रास्त आहे. हिशेब करू. दिवसाला दहा हजार लिटर संकलन असलेल्या केंद्रानं लिटरमागं एक पैसा बाजूला काढला, तर दिवसाचे शंभर आणि वर्षाचे ३६,५०० रुपये होतात. पॅकिंग, गॅसकेट, लिटमस कागद, चष्मे, प्रशिक्षण, नळ, पेटी ही कामं टप्प्याटप्प्यानं त्यात बसवता येतात. मोठी यंत्रं बदलायला वेगळी तरतूद लागेलच. वार्षिक सभेत लाभांश आणि जेवणाबरोबर हा ठराव कुणी सभासदानं मांडावा. मांडायला फक्त एक हात वर करावा लागतो.

चौकट : वायू सुटला तर

• वाऱ्याला आडवं निघावं, मग वारा येतो त्या दिशेला जावं. वाऱ्याबरोबर पळू नये.
• बाहेर निघताना नाका-तोंडावर ओलं फडकं धरावं. ते फक्त निसटण्यापुरतं, आत जाण्यासाठी नव्हे.
• घरात असाल आणि बाहेर पडता येत नसेल, तर दारं-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबावीत.
• डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटं साध्या वाहत्या पाण्यानं धुवावं. चोळू नये.
• कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नये. आधी भरपूर पाणी ओतावं.
• साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नये, वायू आणखी उठतो. पाण्याचा फवारा हवेतल्या वायूवर, तोही जाणत्यांनी मारावा.
• मास्कशिवाय कुणाला वाचवायला आत शिरू नये.
• ११२, १०१ आणि १०८ या क्रमांकांवर कळवावं. कोणता वायू आहे हे आधी सांगावं.

त्या केंद्रावर पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तपासणी झाली. निरीक्षकांनी गेरू-चुन्याकडं बघितलंही नाही. ते सरळ कॉम्प्रेसर खोलीत गेले आणि त्यांनी मामांना विचारलं, “मास्क घालून दाखवा.” किल्ली शोधण्यात बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात काय झालं असतं, हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा भिंतीवरची अक्षरं पावसानं फिकट झाली होती. पॅकिंग मात्र बदललं होतं. दाराबाहेर काचेची पेटी होती, तिच्यात मास्क. मामा म्हणाले, “आता रोज सकाळी येकदा घालून बघतो. लोक हसत्यात.”

हसू द्यावं.